अलिबागचा ब्रोमाइड कागद

पहाटे 5.30
अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा दिवस इथून धरायचा, कारण ग्रिनिचला या क्षणी मध्यरात्र असते आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी जगभर त्याच घड्याळाने लावतात. पुढे तीन-तीन तासांचे आठ टप्पे. प्रत्येक टप्प्यात चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ होतं, त्याला 0 ते 9 मधला एक आकडा द्यायचा. मी सांगतोय तो फोटोच्या कागदाचा काळ, संगणकाच्या आधीचा.

7.30
किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल बाहेर ठेवायचं. वेधघराच्या बांधकामातही लोखंड नाही. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून चाललेलं हे काम 1904 मध्ये इथं आलं, ते विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या होत्या म्हणून. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. ही हलवाहलव निभावली नानाभाई मूस यांनी, कुलाबा वेधशाळेच्या पहिल्या भारतीय संचालकांनी. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून दोन ठिकाणांची मालिका न तुटता जुळली. मूसांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं.

8.00
कागद बदलायची वेळ. अंधार, आणि एक लाल दिवा. आत टांगलेल्या चुंबकाला इवलासा आरसा असतो. दिव्याची तिरीप त्यावर पडून फिरत्या ढोलावरच्या कागदावर उतरते. चुंबक केसभर हलला तरी ठिपका सरकतो.

त्या कागदाविषयी सांगायलाच हवं. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाशाचा कण स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीच्या आयनाला चांदीचा अणू करतो. असे चारेक अणू एका जागी जमले की पुरे. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण डेव्हलपर तेवढ्या खुणेवरून अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलून टाकतो. हे कसं घडतं ते गर्नी आणि मॉट यांनी 1938 मध्ये मांडलं. लाल प्रकाशाच्या कणात हा इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी ऊर्जा नसते, म्हणून आम्ही त्या उजेडात बिनघोर वावरायचो.

9.00
डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा भरपूर पाणी. हायपोने उरलेलं ब्रोमाइड काढलं नाही, तर पुढे सगळाच कागद काळवंडतो. ट्रेमध्ये कालची रेघ हळूहळू वर यायची, ती पाहायला मी कधी कंटाळलो नाही. पावसाळ्यात समुद्राच्या दमट हवेत कागद वाळता वाळत नसे.

11.00
निरपेक्ष निरीक्षणं. कागदावर फक्त चढउतार उमटतात. ते कुठल्या पातळीपासून मोजायचे हे वेगळ्या उपकरणाने ठरवावं लागतं. शांत दिवशी याच सुमाराला क्षेत्राच्या क्षैतिज घटकाची रेघ सर्वात वर असते, कारण डोक्यावर शंभरेक किलोमीटरवर उन्हाने आयनीभूत झालेल्या हवेतून प्रवाह वाहत असतात.

दुपारी 2.30
काचेची पट्टी घेऊन रेघांचं वाचन. तीन घटक, चोवीस तास, 72 आकडे.

5.00
संध्याकाळी ग्रंथालयात मूसांचा ग्रंथ काढायचो. 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदींची चिकित्सा, 1910 ची. त्याचे संदर्भ शंभर वर्षांनंतरही दिले जातात. आजच्या हिशेबात संशोधकाचं वजन अलीकडच्या काही वर्षांतल्या उल्लेखांवर ठरवतात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याचा क्षैतिज घटक सुमारे 1600 नॅनोटेस्ला कोसळला होता. तेव्हा तिथं फोटोचा कागदही नव्हता. माणसं डोळ्याने वाचत होती, वादळ चढल्यावर काही-काही मिनिटांनी. 2003 मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अॅलेक्स यांनी त्याच आकड्यांवरून वादळाची तीव्रता काढली. तो निबंध आता जगभर उद्धृत होतो. आकडे वाचणाऱ्याचं नाव उल्लेखांच्या मोजणीत येत नाही, पण त्याने प्रत्येक आकड्यापुढे वेळ टिपली होती, म्हणूनच हे जमलं.

6.00
निघण्यापूर्वी वाळलेल्या कागदामागे पेन्सिलीने लिहायचं: लावल्याची तारीख आणि वेळ, काढल्याची वेळ, खोलीचं तापमान. वेळ मिनिटापर्यंत.