आधी शुक्रवार ठरवा

सहलीचा बेत आखण्यात मराठी कुटुंबाचा हात कोणी धरणार नाही. पहाटे किती वाजता निघायचे, नाश्ता कुठे करायचा, मुक्काम कोणत्या गावी, परतीची तिकिटे कोणाच्या पाकिटात, हे सगळे महिनाभर आधी वहीत लिहून झालेले असते. आठ दिवसांत जास्तीत जास्त ठिकाणे 'झाली' पाहिजेत, हा त्यामागचा साधा हिशेब. आगगाडीच्या आणि बसच्या प्रवासात तो चालून जातो. एका सहलीत मात्र हाच हिशेब अंगाशी येऊ शकतो. ती सहल म्हणजे शिडाची नौका भाड्याने घ्यायची आणि ती स्वतःच हाकत आठवडाभर एखाद्या किनाऱ्याने हिंडायचे.

युरोपात या प्रकाराला 'बेअरबोट चार्टर' म्हणतात. कंपनी नुसती नौका आपल्या ताब्यात देते. तिच्याबरोबर तांडेल येत नाही, खलाशी येत नाही आणि स्वयंपाकीही येत नाही. व्यवहार भाड्याच्या मोटारीसारखाच; पण मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते, ती सोय इथे नाही. नोकरीनिमित्त इंग्लंड-जर्मनीत राहणारी आपली मुले-मुली कधीकधी तिकडे शिडाची नौका चालवायला शिकतात. मग आई-वडिलांना आणि भावंडांना बोलावून असा एखादा आठवडा समुद्रावर काढावा, असे त्यांच्या मनात येते. कल्पना सुरेखच आहे. मात्र त्या आठवड्याची आखणी आपल्या नेहमीच्या पद्धतीने करून चालत नाही.

बेटांमधले पाणी

उदाहरण म्हणून क्रोएशियाचा दाल्मेशिया किनारा घेऊ. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व काठावरचा हा प्रदेश शिडाच्या नौकांचे माहेरघरच मानला जातो. क्रोएशियाला लहानमोठी हजाराहून अधिक बेटे आणि खडक आहेत आणि वस्ती त्यांतल्या मोजक्याच बेटांवर आहे. बेटांच्या आडोशामुळे आतले पाणी मोकळ्या समुद्रापेक्षा शांत राहते. एका बेटावरून पुढचे बेट बहुधा डोळ्यांना दिसते. भरती-ओहोटीचा फरक तर जेमतेम वीत-दीड वीत. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, हे ध्यानात घेतले म्हणजे नवख्या माणसाला हा किनारा का मानवतो ते कळते.

या भागाचे मुख्य शहर स्प्लिट. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०५च्या सुमारास इथे राजवाडा बांधला. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दुकाने चालतात. शहरासमोर ब्राच आणि शोल्ता ही बेटे, त्यांच्या पलीकडे ह्वार आणि आणखी दूर विस. ह्वारवरचे स्तारी ग्राद हे गाव ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये वसवले. त्यांनी आखलेल्या शेतांचे दगडी बांध अजून जागेवर आहेत, आणि २००८ पासून तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. विस बेटावर युगोस्लाव्हियाच्या काळी लष्करी तळ होता. १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नसे, त्यामुळे मोठ्या हॉटेलांची गर्दी त्याच्या वाट्याला आली नाही.

कागदपत्रांचे काम आधी उरकावे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो हे चलन आहे. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागेल. नौका चालवणाऱ्याकडे तिथल्या सरकारला मान्य असलेला परवाना हवा, आणि नौकेवरील कोणा एकाकडे रेडिओ वापरण्याचे प्रमाणपत्र हवे. आपला परवाना चालेल की नाही, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये धक्क्यावर जागा मिळणे मुश्कील असते. जून किंवा सप्टेंबर बरा.

तीन वारे

आता मुख्य मुद्दा. आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शनिवारीच संपतो. नौका ताब्यात मिळते शनिवारी दुपार कलल्यावर, आणि ती परत धक्क्याला लावायची असते शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी सामान घेऊन उतरायचे, कारण दुपारी दुसरे कुटुंब येणार असते. उशीर झाला तर दंड होतो आणि विमानही चुकते. म्हणजे सात दिवसांत पक्का असा एकच मुक्काम आहे, तो शुक्रवारचा. त्यासाठी आखणी तिथून उलटी करावी लागते.

का, ते वाऱ्यांवरून समजेल. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा वारा. दाल्मेशियात उन्हाळ्यातल्या चांगल्या हवेत असाच एक वारा वायव्येकडून येतो. त्याचे नाव माएस्त्राल. तो सकाळी उशिरा सुटतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताला पडतो. नौका चालवणाऱ्याचा हा मित्र.

दुसरा युगो. तो आग्नेयेकडून येतो, उबदार आणि दमट असतो. एकदम येत नाही; दोन-तीन दिवस वाढत जातो आणि मोठ्या लाटा उठवतो. त्याच्याबरोबर ढग आणि पाऊस येतात. तिसऱ्याचे नाव बुरा, आणि आपल्या कानाला ते जसे लागते तसाच त्याचा स्वभावही आहे. ईशान्येच्या डोंगरावरून तो थंड, कोरडा वारा समुद्रावर कोसळतो. त्याचा खरा जोर हिवाळ्यात, पण उन्हाळ्यातही तो अचानक येऊ शकतो. डोंगरमाथ्यावर ढगांची टोपी दिसली की स्थानिक लोक दोर तपासायला लागतात.

आता नकाशा पाहा. स्प्लिटहून आग्नेयेला कोरचुला हे देखणे बेट आहे. मार्को पोलो आमच्याच गावचा, असे तिथले लोक सांगतात. ह्वार शहरापासून कोरचुला सुमारे ३५ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि अशी नौका ताशी पाचेक मैल जाते. माएस्त्राल पाठीशी असल्यावर हा प्रवास म्हणजे चैन. पोरे पुढे उन्हात पडलेली, आजोबा सुकाणूवर, चहाच्या कपातला चहाही सांडत नाही. परतताना मात्र तोच वारा समोरून येतो. शिडाची नौका थेट वाऱ्यावर चालत नाही. साधारण ४५ अंश डावीकडे, मग ४५ अंश उजवीकडे अशी नागमोडी जावी लागते. दहा मैलांचे असे चौदा मैल होतात. कोरचुला ते स्प्लिट सरळ धरले तरी साठ मैलांच्या आसपास. गुरुवारी आणि शुक्रवारी वारा जोरात असला म्हणजे इंजिन लावून लाटांवर आपटत यायचे, किंवा हवा वाईट असूनही निघायचे. धोका नेमका इथे आहे. समुद्रावर घेतलेले अविचारी निर्णय पुष्कळदा धाडसापोटी नसतात, ते विमानाच्या वेळेपोटी असतात.

म्हणून पहिल्या खेपेला कोरचुला सोडून द्यावे. स्प्लिट, ब्राच, ह्वार, विस आणि परत, हा त्रिकोण घ्यावा. रविवारी ब्राचवरचे मिल्ना, सुमारे दहा मैल. सोमवारी ह्वारसमोरची पाक्लेनी बेटे, आणखी बारा. मंगळवारी विस, तेराएक मैल. बुधवार मोकळा. गुरुवारी विसहून पुन्हा मिल्ना, वीस मैल. शुक्रवारी शेवटचे दहा. वायव्येचा वारा या बहुतेक टप्प्यांत बाजूने येतो, आणि बाजूच्या वाऱ्यावर नौका सर्वांत सुखाने चालते. जाताना सोपे आणि येताना अवघड, असा फरक पडत नाही. शुक्रवारी पेट्रोलपंपासारखी डिझेलच्या पंपावरही नौकांची रांग लागते. त्यासाठी दुपारीच पोहोचावे.

बुधवार मोकळा ठेवण्यातही अर्थ आहे. विस बेटाला दोन बंदरे. विस गावाचा उपसागर ईशान्येकडे उघडा, म्हणजे बुरा तिथे थेट आत येतो. कोमिझाचा उपसागर पश्चिमेकडे उघडा, तिथे बुराला आडोसा मिळतो, पण पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा त्रास देतो. रेडिओवर दिवसातून अनेकदा हवामानाचा अंदाज सांगतात. तो ऐकून कुठे राहायचे ते ठरवता येते. हवा चांगली असली तर कोमिझाहून स्थानिक होडीने बिशेवो बेटावरची निळी गुहा पाहावी. सकाळी उशिरा पाण्याखालच्या फटीतून ऊन आत शिरते आणि सगळी गुहा निळी उजळते. हवा चांगली नसली तर गावातच राहावे, मासे खावेत, पत्ते कुटावेत.

दुसरा माणूस कोण?

आता कुटुंबाविषयी. परवाना एकाचा असतो आणि बाकीचे पाहुणे म्हणून येतात. समजा, तो एकच जाणता माणूस आजारी पडला किंवा पाण्यात पडला, तर नौका कोण वळवणार? बेत आखताना हा प्रश्न घरात सर्वांसमोर विचारायला हवा. त्याचे उत्तर 'कोणी नाही' असेल, तर निदान पहिले दोन दिवस पगारी तांडेल सोबत घ्यावा. तशी सोय जवळपास सर्व कंपन्या करतात, आणि त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या माणसाला थोडेच शिकवायचे आहे. इंजिन सुरू कसे करायचे, शिडे उतरवायची कशी, आणि रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आपण कुठे आहोत हे कसे सांगायचे. क्रोएशियात समुद्रावरच्या मदतीसाठी १९५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवावा. रविवारी शांत पाण्यात एक रबरी फुगा समुद्रात टाकून तो उचलून आणायचा सराव करावा. एकाने फक्त त्या फुग्याकडे बोट दाखवत राहायचे, नजर हटवायची नाही. हे काम बारा वर्षांच्या मुलीलाही जमते, आणि ते आपल्यावर सोपवले म्हणून ती खूशही असते. ही दुसरी व्यक्ती मुलगाच असली पाहिजे असेही नाही; सून किंवा लेक पुष्कळदा जास्त शांतपणे शिकते.

शनिवारी नौका ताब्यात घेताना घाई करू नये. अनामत रक्कम बहुधा दोन-तीन हजार युरोंच्या घरात असते, त्यामुळे आधीचे ओरखडे छायाचित्रात टिपून ठेवावेत. जीवरक्षक जाकिटे मोजावीत. लहान मुलांच्या मापाची आधीच सांगून ठेवावी लागतात. नांगराची साखळी किती मीटर आहे ते विचारावे. पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडावी लागते, आणि नांगर समुद्रगवतावर न टाकता वाळूत टाकावा. वाळूत तो चांगला धरतो, आणि त्या गवतात माशांची पिल्ले वाढतात.

घरगुती गोष्टीही आधी बोलून घ्याव्यात. चाळीस फुटी नौकेवर तीन-चार खोल्या असतात, पण कपाटाएवढ्याच. गोडे पाणी टाकीत असते तेवढेच. भांडी समुद्राच्या पाण्याने विसळून शेवटी गोड्या पाण्याने धुवायची आणि आंघोळ आटोपशीर करायची. संडासात कागदही टाकायचा नाही. नळी तुंबली तर ती मोकळी करण्याचे काम घरातल्याच कोणाच्या तरी वाट्याला येते, एवढे सांगितले की सगळे शिस्तीत वागतात. खर्चासाठी सर्वांनी वर्गणी काढून एका डब्यात ठेवावी. धक्क्याचे भाडे, डिझेल, भाजीपाला त्यातून जावे. कडक बॅगा घेऊ नयेत, त्या ठेवायला जागा नसते. कोणाला समुद्र लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या न्याव्यात, आणि त्या निघण्यापूर्वी घ्याव्यात.

थांबणेही बेतातच

पैसे मोजून आलो आहोत, मग एक दिवस बंदरात बसून का काढायचा, असा सूर कधीतरी निघतोच. त्याला उत्तर घर सोडण्यापूर्वीच द्यायला हवे. नौका चालवणाऱ्याने सकाळी 'आज निघायचे नाही' म्हटले तर त्यावर वाद घालायचा नाही, हे सर्वांनी आधी मान्य केले पाहिजे. भर समुद्रात बहुमताने निर्णय होत नाहीत. उलट निघायचे ठरले आणि घरातल्या एकाला खरोखर भीती वाटत असली, तर तेवढ्यावर थांबायची तयारी नौका चालवणाऱ्यानेही ठेवावी.

आपल्या किनाऱ्याला हा विचार नवा नाही. पावसाळ्यात कोळी बांधव होड्या वर ओढून ठेवतात, जाळी विणतात, लाकडाची डागडुजी करतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की मग होड्या पुन्हा पाण्यात जातात. ते दोन महिने वाया गेले असे कोळीवाड्यात कोणी म्हणत नाही. समुद्रावर ज्यांचे पोट आहे, ते इतके थांबतात. आपण तर हौसेने गेलेलो असतो. आपल्या वहीत एक बुधवार कोरा ठेवायला काय हरकत आहे?