परदेशातले घर आणि विनिमय दर

विनिमय दराचा धडा मी गेल्या वर्षी घोकून पाठ केला. समजला मात्र तो स्पेनमध्ये घर घेणाऱ्या इंग्रज पेन्शनरांच्या उदाहरणाने. ऊन भरपूर म्हणून हे लोक उतारवयात तिथल्या किनाऱ्यावर जाऊन राहतात. घराची किंमत युरोत, आणि गाठीशी असतात पौंड.

२००७ च्या आरंभी एका पौंडाला सुमारे दीड युरो मिळत. म्हणजे दोन लाख युरोचे घर साधारण १,३३,००० पौंडांना पडे. २००८ च्या मंदीत स्पेनमधील घरांच्या किमती उतरू लागल्या, तेव्हा थांबलेल्यांना आपणच शहाणे असे वाटले असेल. पण वर्षअखेरीस पौंडच जेमतेम एका युरोवर आला. किमतीत वाचले त्याहून अधिक चलनात गेले!

२०१५ साली घरे स्वस्त होती आणि पौंडही १.४० युरोच्या आसपास चढला होता. तेव्हा घेणाऱ्याचे दोन्हीकडून साधले. मात्र साठी उलटलेल्या माणसाची मधली सात वर्षे गेली, ती कोणत्या खात्यात मांडायची? आमच्या घरी भावासाठी चाळीत ठेवलेला कांदा असाच अर्धा सडतो.

शिवाय घराचा व्यवहार एकदाच होतो. पेन्शन दरमहा पौंडांत येते आणि दूध-पाव युरोत घ्यावा लागतो. हजार पौंडांचे दीड हजार युरो धरून चाललेल्यांना पुढे हजाराच्या थोडे वर भागवावे लागले. म्हणून मला वाटते, मुहूर्त शोधण्यापेक्षा आधी वर्षभर भाड्याने राहून पाहावे. अर्थात तेही आता सोपे नाही. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, इंग्रजांना व्हिसाशिवाय १८० दिवसांतले ९० दिवसच तिथे राहता येते.