चाच्यांच्या बोलपटातली भगदाडे

चित्रपट संपून मंडळी चहाच्या दुकानापर्यंत पोचली की तिच्यात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, "गोष्ट झकास!" दुसरा म्हणतो, "झकास कसली? आत्ता नायकाची बाही फाटली होती, आणि लगेच ती धड कशी झाली?" असा वाद रिकामटेकडा आहे, असे आम्हांस वाटत नाही. मात्र तो घालण्यापूर्वी चुकांचे प्रकार निवडून घेतले पाहिजेत. उदाहरणादाखल आपण 'अमरज्योती' हा बोलपट घेऊ. व्ही. शांताराम यांनी तो १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केला.

कथा थोडक्यात अशी. एका प्राचीन बंदराच्या राज्यात सौदामिनी या स्त्रीला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारला जातो. ती चाचेगिरी पत्करते, राणीच्या जहाजावर हल्ला करते आणि न्यायमंत्री दुर्जय याला पकडते. त्याच जहाजावर पेटीत लपलेली राजकन्या नंदिनीही तिच्या हाती लागते. नंदिनीचे मन सुधीर नावाच्या मेंढपाळावर जडते. आणि हा सुधीर म्हणजे सौदामिनीचा हरवलेला मुलगा! सौदामिनीची भूमिका दुर्गा खोटे यांची, नंदिनीची शांता आपटे यांची, तर दुर्जयाची चंद्रमोहन यांची.

चुकीचा पहिला प्रकार सांध्याचा. चित्रपट ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने तो घेतला जात नाही. जहाजाचा देखावा एकदा उभारला की त्यावरचे सारे प्रसंग एकापाठोपाठ उरकतात. मग ते कथेत आरंभी असोत वा अखेरीस. त्यामुळे एकाच लढाईचे दोन तुकडे आठवड्याच्या अंतराने घेतलेले असू शकतात. शिडे एका दिशेला फुगलेली आणि निशाण दुसरीकडेच फडफडणारे, असे घडते ते यातूनच. प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवणारा माणूस त्यासाठीच नेमलेला असतो. तमाशाच्या वगात राजाच्या मनगटावर घड्याळ दिसले तर आपण हसून सोडून देतो, कारण वगाने हुबेहूब दाखवण्याचे वचन दिलेलेच नसते. कॅमेरा ते देतो, म्हणून त्याची चूक डोळ्यांत खुपते. परंतु ती चूक कामाची आहे, कथेची नव्हे.

दुसरा प्रकार अशक्य वाटणाऱ्या गोष्टींचा. "राणीचे जहाज चाच्यांच्या हाती असे सहज लागेल काय?" असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर इतिहासात आहे, आणि तेही आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्याच सुरतेकडे मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे प्रचंड जहाज १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावर तोफा होत्या, शेकडो माणसे होती. पण ऐन लढाईत एक तोफ फुटली आणि आपल्याच माणसांचा घात झाला, असे खाफीखान लिहितो. जे क्वचित घडते ते कथेत आले म्हणून भगदाड पडत नाही. मेंढपाळच नेमका हरवलेला मुलगा निघावा, हा योगायोग मात्र लेखकाने सोयीसाठी आणला आहे, हे मान्य करावे लागेल. साहसकथेत असे एखादे उसने आपण देतो.

तिसरा प्रकार खरा गंभीर: कथा स्वतःचाच नियम मोडते तो. येथे एक आक्षेप विचार करण्यासारखा आहे. सिंहासनावर राणी, म्हणजे स्त्रीच. मग तिच्या राज्यात आईला मूल का मिळू नये? ही विसंगती नव्हे काय?

विसंगती आहे, पण ती कोणाची? स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५६ साली हिंदूंसाठी पालकत्वाचा कायदा केला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे त्यात म्हटले. तरी नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्या 'नंतर' आई, असा क्रम लावला. त्या वेळी संसदेत स्त्रियाही बसत होत्या. 'नंतर' याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नव्हे; तो हयात असूनही काही कारणाने मुलाची काळजी घेत नसेल तर आई पालक ठरू शकते, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली केला. बोलपटानंतर त्रेसष्ट वर्षांनी! राज्य स्त्रीचे आणि कायदा पुरुषाचा, हे भगदाड लेखकाच्या हलगर्जीपणाने पडलेले नाही. ते समाजात होते. बोलपटाने त्यावर बोट ठेवले.

म्हणून पुढच्या खेळानंतर वाद जरूर घालावा. पण आधी तीन प्रश्न विचारावे. चूक हातची आहे की कथेची? गोष्ट दुर्मिळ आहे की खरोखर अशक्य? आणि जी विसंगती आपल्याला खटकली ती पडद्यावरची, की आपण घरी रोज पाहतो तीच? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. चहा थोडा निवला तरी चालेल.