मैलापाण्यावरचे जंगल

इजिप्तमध्ये सुएझ कालव्यालगत, इस्माईलिया शहराजवळ सेरापियम नावाचे जंगल आहे. पाऊस तिथे जवळजवळ नाहीच. तरीही सुमारे २०० हेक्टर रेतीत निलगिरी, सुरू, आफ्रिकी महोगनी अशी झाडे उभी आहेत. ती जगतात शहराच्या मैलापाण्यावर.

मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. ते नदीत गेले, की शेवाळ माजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. म्हणून अनेक शहरे ही द्रव्ये काढून टाकण्यासाठी मोठा खर्च करतात. सेरापियमला तो टप्पा लागत नाही. गाळ बसवायचा, पाण्यात हवा खेळवून जिवाणूंकडून घाण कुजवून घ्यायची आणि उरलेले पाणी ठिबक नळ्यांनी झाडांना द्यायचे. नदीला जे बाधते, तेच रेतीत खत ठरते. शिवाय लाकूड कोणी खात नाही. त्यामुळे रोगजंतूंचा धोका भाजीपाल्याच्या मानाने कमी.

या विषयाच्या मागे लागलो तेव्हा माझी समजूत होती, की या पाण्यातला खरा शत्रू घाण. वाचत गेलो तसे कळले, की घाण जिवाणू खातात. मीठ कोणीच खात नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मुळांपाशी साठतात. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड झालेली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उपाय म्हणून जास्तीचे पाणी सोडून क्षार खाली धुवावेत, तर त्याबरोबर नत्रही भूजलात उतरते.

मग मीठ अडवायचे कुठे? शेजारच्या इस्रायलने याचे एक उत्तर शोधले. तेल अवीव परिसराचे सांडपाणी वाळूतून मुरवून, पुन्हा उपसून, १९८९ पासून नेगेव वाळवंटातल्या शेतीला दिले जाते. कपडे धुण्याच्या पावडरीतले बोरॉन नेहमीच्या शुद्धीकरणाला दाद देत नाही. पिकाला ते कणभर हवे असते, पण थोडे वाढले तरी पाने करपतात. तेव्हा १९९९ मध्ये तिथे पावडरीतल्या बोरॉनवरच टप्प्याटप्प्याने मर्यादा घालण्यात आली.

आपल्याकडे मैलापाण्याचा विचार सुरू होतो तो शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रापासून. तो न्हाणीघरातल्या मोरीपासून सुरू व्हायला हवा.