लाल विंचू आणि पेशीचे दरवाजे

विद्यार्थ्यांनो, पारनेर, कर्जत किंवा श्रीगोंद्याच्या माळरानावर दगड उचलताना मोठी माणसे ‘सांभाळून रे!’ म्हणतात. दगडाखाली लाल विंचू असू शकतो. तो बोटाएवढाच, पण त्याच्या विषाने लहान मुलाचा जीवही जाऊ शकतो. थेंबभर विष सगळे शरीर कसे हादरवते? त्यासाठी चेतापेशीत डोकवावे लागेल.

चेतापेशी खबर पोहोचवते. तिच्या मुख्य भागातून निघणाऱ्या लांब तंतूला अक्षतंतू म्हणतात. पायाच्या पंजापर्यंत जाणारा अक्षतंतू मोठ्या माणसात सुमारे 1 मीटर लांब असतो! पेशीच्या आवरणात प्रथिनांचे अतिसूक्ष्म दरवाजे असतात. सोडिअमचा दरवाजा उघडला, की सोडिअमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत शिरतात आणि विजेचा ठोका उमटतो. दरवाजा लगेच मिटतो. मग पोटॅशिअमचे दरवाजे उघडतात आणि पेशी पूर्ववत होते.

आता गंमत पाहा. हे दरवाजे वाटेल तिथे बसवलेले नसतात. सोडिअमचे दरवाजे अक्षतंतूच्या सुरुवातीला दाटीने असतात, कारण ठोका तिथेच सुरू होतो. पुढे पुष्कळ तंतूंवर चरबीयुक्त वेष्टण असते. त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात. तिथेही हेच दरवाजे. शेवटच्या टोकाला मात्र कॅल्शिअमचे दरवाजे लागतात. ते उघडले, म्हणजे खबर रसायनाच्या रूपाने पुढच्या पेशीला मिळते.

दरवाजे मुख्यतः पेशीच्या मुख्य भागात तयार होतात. तिथून सूक्ष्म पिशव्यांत भरून त्यांची रवानगी होते. कायनेसिन नावाची हमाल प्रथिने या पिशव्या बारीक नळ्यांवरून, रुळांवरून न्याव्यात तशा, ओढून नेतात. या वाहतुकीचा वेग दिवसाला 20 ते 40 सेंटिमीटर असतो. म्हणजे पंजापर्यंतचा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. पण मुक्कामाचा पत्ता कोण सांगतो? सोडिअमच्या दरवाजाच्या प्रथिनातच एक छोटासा तुकडा खुणेचा असतो. अँकिरिन नावाचे प्रथिन ती खूण ओळखते आणि दरवाजाला जागेवर खिळवून ठेवते. 1998 साली उंदरांच्या मेंदूतील काही पेशींत हे अँकिरिन बनू दिले नाही, तेव्हा अक्षतंतूच्या सुरुवातीला दरवाजे जमलेच नाहीत.

लाल विंचवाचे विष सोडिअमच्या दरवाजांना चिकटते आणि त्यांना वेळेवर मिटू देत नाही. चेता ठोक्यांवर ठोके देत राहतात. घाम फुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात. अॅड्रिनलिनसारखी रसायने रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेला एकेक तास महागात पडतो.

रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे असंख्य रुग्ण पाहिले. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तिचे परिणाम मांडले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी अडकलेले दरवाजे मिटवत नाही. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि विष ओसरेपर्यंत हृदयाला सावरून धरते.