गढी उकलताना

गढी उकलायला घेतली की पहिल्यांदा धाब्यावरची माती उतरते. बाळापूर तालुक्यातल्या एका देशमुखी गढीवर हे काम सुरू झालं, तेव्हा टेप, वही आणि ओळंबा घेऊन मी तिथे गेलो. मजुरांनी फावड्याने धाब्याचा काठ सरळ कापला आणि थर उघडे पडले. सगळ्यात वर करड्या, खाऱ्या मातीच्या पातळ पापुद्र्यांची चळत. दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी ही माती पसरून चोपायची रीत होती. तिच्यामुळे पाणी मुरत नसे. खाली पांढऱ्या मातीचा घट्ट थर, त्याखाली किलच, मग सागाच्या कड्या, आणि हा सगळा भार पेलणाऱ्या हातभर रुंद तुळया. माती टाकणं ज्या वर्षी थांबलं, त्या वर्षापासून घर आतून खचू लागलं. कड्या खालून शाबूत दिसत होत्या, पण भिंतीत शिरलेलं टोक उकरलं की हाती नुसता भुगा येई.

वारस पुण्या-नागपूरला. डागडुजीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत नाही, आणि जुन्या सागाला गिऱ्हाईक तयार. मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याचा लाकूडबाजार आहेच. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून जपला गेला, ते योग्यच झालं. पण गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या गढ्यांत कोणी थोर व्यक्ती जन्मली नाही, म्हणून त्यांचा साधा नकाशाही कुणाकडे नसावा, हे मला पटत नाही. उकलण्याआधी नोंद करून ठेवण्याच्या माझ्या घाईचं कारण तेच.

गढीचं वय एका आकड्यात सांगता येत नाही, पण बांधकामाचा क्रम लावता येतो. एकाच वेळी उठवलेल्या दोन भिंतींच्या विटा कोपऱ्यात एकमेकींत शिरलेल्या असतात. नंतरची भिंत नुसती येऊन टेकते आणि सांध्यात वरपासून खालपर्यंत फट राहते. देवडीच्या डाव्या अंगाला अशी फट होती. माझा अख्खा पंजा आत गेला आणि पलीकडे परकोटाच्या मातीचा जुना गिलावा बोटांना लागला. म्हणजे आधी मातीचा कोट, मग विटांची देवडी.

अठराव्या शतकातलं वऱ्हाड आठवलं की या क्रमाचं कारण कळतं. निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल इथे एकाच वेळी चाले, वसुलीचा वाटा दोघांनाही जाई आणि परगण्याचा देशमुख दोघांच्या मध्ये उभा असे. दप्तर, रोकड, धान्य, बायकामुलं, सारं एका भिंतीआड ठेवणं भाग होतं. पुढे पेंढाऱ्यांची धास्ती इतकी वाढली की निजाम सरकारने १८०७ मध्ये अमरावतीच्या श्रीमंत पेठेभोवती सव्वादोन मैलांचा परकोट बांधायला घेतला, पाच दरवाजे आणि चार खिडक्यांचा. अमरावतीला दगड मिळाला. खेड्याने आपल्या पांढरीतली, म्हणजे गावठाणातली, माती उचलली. भोवतालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तिची भिंत उभी राहत नाही. या गढीचा कोट पायाशी नऊ फूट रुंद भरला, माथ्याशी साडेतीन.

देवडी बांधणाऱ्याने बाळापूरचा किल्ला पाहिलेला असणार, असं मला वाटतं. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा तो विटांचा किल्ला एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने १७५७ मध्ये पुरा केला. इथेही तशाच चपट्या विटा, चुन्याच्या जाड दरजा. एक दरज तासणीने उकरू गेलो, तर चुन्याऐवजी वीटच फुटली.

खरं वाचन मात्र उकलणाऱ्या टोळीच्या मिस्त्रींचं. वय साठीच्या पुढे, वडीलही याच धंद्यात. तुळईला हातोडीने ठोकायचं आणि आवाजावरून तिचं पोट भरीव की पोकळ ते सांगायचं. गोठ्यातल्या एका खांबापाशी त्यांनी मला थांबवलं.

“हे पाहा जी, या खांबाले खाच हाय, पन तिच्यात काही बसेल नाई.”

“मोडली असेल कडी.”

“मोडली असती तं कुसू आत राह्यला असता. थे काढेल हाय. हा खांब पयले दुसरीकडं उभा होता.”

गोठ्याच्या खांबाला खाली कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. गुरांसाठी इतकं कोरीव काम कोणी करत नाही. मग आम्ही हुडकत निघालो. स्वयंपाकघरात एक, जिन्याखाली एक, मागच्या सोप्यात दोन, असे त्याच घडणीचे खांब सापडले, सगळ्यांना उथळ्यापासून सारख्याच उंचीवर रिकाम्या खाचा. त्या खाचा कागदावर जोडल्या आणि चौकाच्या उत्तरेची, आज कुणालाही न आठवणारी माडी उभी राहिली.

माडी उतरवून काय केलं, ते पश्चिमेच्या दिवाणखान्यात दिसलं. इथल्या जमिनीखाली लोखंडी तुळई निघाली. गंज घासल्यावर पोटावर उठावाची अक्षरं दिसली: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो. ही इंग्रज कंपनी १८७५ मध्ये निघालेली, तेव्हा दिवाणखाना त्याहून जुना नाही. घरच्या, ऐंशी गाठलेल्या काकू ओट्यावर बसून सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “माह्ये सासरे सांगत, हा दिवानखाना कापसाच्या पैशाचा हाय बापू.” काकूंचं म्हणणं जमतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाचा भाव कडाडला आणि १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोचली. ज्या वाटेने गाठी मुंबईला गेल्या, त्याच वाटेने ही तुळई आली असणार. त्याच सुमाराला परकोट फोडून रस्त्याच्या बाजूला खिडक्या काढल्या गेल्या. त्यांच्या चौकटींना घडीव चौकोनी खिळे नाहीत, गोल तारेचे आहेत. भीती गेली होती, आता उजेड आणि वारा हवा होता.

इंग्लंडात श्रॉपशर परगण्यात स्टोकसे नावाचं असंच एक तटबंदीचं घर आहे. लडलोच्या लॉरेन्स या लोकरीच्या व्यापाऱ्याने ती जहागीर १२८१ मध्ये घेतली आणि तटबंदीसाठी १२९१ मध्ये राजाचा परवाना मिळवला. तिथे लोकर, इथे कापूस. स्टोकसेच्या दालनातलं लाकूड १२८० च्या दशकातलं आहे, हे लाकडातली वार्षिक वलयं मोजून ठरवता आलं. सागातही वर्षाचं वलय उमटतं. म्हणून मिस्त्रींना विनवलं, की तुळई गाडीत भरण्यापूर्वी तिच्या टोकाची चार बोटं जाड चकती कापून द्या, शक्यतो सालीलगतचं लाकूड असेल तिथली. सालीलगतचं वलय हाती असलं तरच झाड कोणत्या वर्षी तोडलं ते निघू शकतं. त्यांनी चकत्या दिल्या. चकती कुठल्या खोलीची, हे प्रत्येकीवर काकूंना विचारून लिहिलं. माझ्या नकाशावर ‘खोली सात’ होती ती त्यांच्यासाठी बाळंतिणीची खोली होती, आणि आता वहीत तेच नाव आहे.

चौकाच्या मधोमध मातीच्या विटांची एक बेढब भिंत होती, भावाभावांच्या वाटणीची. तिच्यात अर्धा खांब एका घरात, अर्धा दुसऱ्या घरात. ती एका सकाळीच गेली.

शेवटी चौकाची फरशी उचलली आणि धान्याच्या पेवाचं झाकण निघालं. मिस्त्रींनी रात्रभर तोंड उघडं ठेवलं, सकाळी दोराने कंदील आत सोडला. तो जळत राहिला तेव्हाच माणूस उतरला. मागोमाग मीही उतरलो. वर अरुंद, खाली पोटाशी फुगलेलं पेव, तळाला ज्वारीचा काळपट भुसा. कंदील भिंतीलगत फिरवला, तर कंबरेच्या उंचीवर एक आडवी रेघ दिसली: सारवलेली जमीन, तिच्यावर बोटभर राख, राखेत तीन भाजलेले दगड. चूल होती ती. पेव खणताना कुणीतरी तिच्यातूनच आरपार खाली गेलं होतं.

बाहेर येऊन परकोटाचा पाया पाहिला. माती न्यायला आलेल्या ट्रॅक्टरने तिथे भिंत आडवी कापली होती. राखेची तीच रेघ नऊ फुटी भिंतीच्या खालून सलग पलीकडे गेली होती. कोट उठण्याआधी इथे घर नांदत होतं. त्याच रात्री नकाशावरचे सगळे क्रमांक खोडून पुन्हा घातले. पहिला चुलीचा, दुसरा कोटाचा, तिसरा देवडीचा.