वर्गणी भरायची कुणाची?

मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वाचलं गेलेलं एक मासिक जन्माला आलं नांगराच्या कारखान्यात! लोखंडी नांगर घडवणाऱ्या किर्लोस्करवाडीत १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, ते कारखान्याची खबरबात बाहेर पोचवायला. संपादक शं. वा. किर्लोस्कर मुळात चित्रकार, लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले. हळूहळू नावातली 'खबर' गळून पडली आणि आत कथा, आरोग्य, संसार, विज्ञान असं सगळं आलं. पण घरातल्या सगळ्यांची आवड काही एक नसते. म्हणून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी दोन भावंडं निघाली. आज ज्याला आपण लाइफस्टाइल मासिक म्हणतो, त्याचं गणित शंकररावांना तेव्हाच सुटलं होतं.

आता मासिकांच्या या गोष्टीसोबत घोरावाडीला या. पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधलं हे छोटं स्थानक, जवळच्या डोंगरात घोरावडेश्वराची लेणी. इथून शिवाजीनगर गाठायचं तर गाडीत एक साप्ताहिक आरामात वाचून होतं. शेजारच्या तळेगावात लेखक गो. नी. दांडेकर राहायचे. आणि वर्गणीचं बळ काय असतं, हेही तळेगावानं बघितलंय. लोकांनी एकेक पैसा देऊन उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये इथे काचेचा कारखाना निघाला.

मासिकंही अशाच लहान लहान रकमांवर जगतात. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवलं, तेही पदरमोड करून. संततिनियमनावर उघडपणे लिहायचं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची आणि वर तोटाही सोसायचा. त्यांना आणखी काही हजार वर्गणीदार मिळायला हवे होते, असं आजही वाटतं.

तर, तुमच्या घरात कोण काय करतं?

मुलं असतील तर 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आधी पोरांना ते दाखवा. पोर अंक खाली ठेवेना झालं की वर्गणी भरा. अगदी लहानग्यांसाठी 'चिकूपिकू' आहे. मूल वाढवताना पडणारे प्रश्न घेऊन 'पालकनीती' पुण्यातून १९८७ पासून निघतंय.

गाण्याची आवड? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' १९४७ पासून आहे. विज्ञानाचं वेड असेल तर 'सृष्टिज्ञान' त्याहून जुनं, १९२८ चं. बाईच्या जगण्याबद्दल मोकळं, परखड वाचायचं असेल तर 'मिळून साऱ्याजणी'. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी ते १९८९ मध्ये सुरू केलं. आणि मावळात भात लावणाऱ्यांनी कृषी विभागाचं 'शेतकरी' जरूर बघावं. इंद्रायणी तांदूळ जगाला दिला तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं, मग शेतीचं मासिक मावळातल्या घरात नको?

नुसतं हसायचं असेल तर 'आवाज'. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या दिवाळी अंकाची खरी मजा खिडकीत. पानाला चौकोनी भोक, त्यातून काहीतरी भलतंच, चावट दिसतं. पान उलटलं की खालचं संपूर्ण चित्र निघतं अगदी सोज्वळ! ही गंमत मोबाइलच्या पडद्यावर येत नाही. त्यासाठी कागदच हातात हवा.

दिवाळी अंकांची प्रथा पाडली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं, १९०९ मध्ये. आता दरवर्षी शेकडो अंक निघतात. ते सगळे विकत घेणं कुणालाच परवडत नाही आणि गरजही नाही. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. मला विचाराल तर वर्गणीचे पैसे वर्षभर निघणाऱ्या अंकाला द्यावेत आणि दिवाळीची हौस वाचनालयात भागवावी.

एक भन्नाट पान मात्र फार थोडे लोक वाचतात. वर्षानुवर्षं मार्चच्या सुमारास नियतकालिकांत 'फॉर्म ४' छापला जायचा: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, मालक कोण. रद्दीत जुना मार्चचा अंक सापडला तर ते पान नक्की काढून बघा. मासिक कुणाच्या खिशातून चालतं, हे तिथे सरळ लिहिलेलं असतं आणि आतल्या मजकुराचा रंग बराचसा त्यावरून कळतो.

निवडताना चकचकीत मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि अनुक्रमणिका उघडा. त्यातले निम्मे लेख आजच वाचावेसे वाटले तर अंक तुमचा. साप्ताहिक घेतलंत तर वर्षाला ५२ अंक दारात येऊन पडतील, तेव्हा वेळेचा अंदाज घ्या. पहिल्यांदा एकाच वर्षाची वर्गणी भरा, पत्ता पिनकोडसकट सुवाच्य लिहा आणि वर्षभर अंक आवडीनं वाचलात तर नूतनीकरणाची आठवण यायच्या आधीच पुढचे पैसे पाठवून द्या.